गिरिधररावांचं पन्हं

जिना चढून आलेली बाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, तेव्हा देवाजी ठवऱ्याला वाटलं, ही आता पडते. त्यानं चटकन खुर्ची पुढे सरकवली, कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. बाई बसली ती डोळे मिटूनच.

"आधी दम घ्या. मग बोला," टेबलापलीकडून नंदिनी गजभिये म्हणाली.

रामदासपेठेतलं हे खासगी तपासाचं ऑफिस नंदिनीचं. देवाजी तिच्या वडिलांबरोबर पोलिसात होता. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळला आणि मित्राच्या पोरीच्या हाताखाली कामाला लागला. माणूस पाहिला की ओळखायचा, असा त्याचा स्वतःबद्दल समज होता. ही बाई अडतीस-चाळीसची, चांगल्या घरची. नवऱ्याशी भांडून आली असणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

बाईनं डोळे उघडले.

"मी नीला देशकर. नंदनवनला राहते. माझ्या सासऱ्यांना, गिरिधररावांना, मी विष घातलं, असं पोलिसांना वाटतं. उद्या सकाळी मला ताब्यात घेणार आहेत."

देवाजीचं निदान तिथंच कोसळलं.

नीला थांबत थांबत बोलत होती. मध्येच शब्द सापडेनासा व्हायचा, मग ती कपाळ दाबून धरायची. चार वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला. ताप गेला, पण अंगातलं त्राण परत आलंच नाही. रात्रभर झोपूनही सकाळी रात्रपाळी केल्यासारखं वाटायचं. आंघोळ केली की तासभर पडावं लागायचं. ऑफिस सुटलं. पाच-सहा डॉक्टर झाले. शेवटी एकानं या थकव्याला नाव दिलं आणि सांगितलं, हा लवकर जाणारा नाही, पण दिवसातले थोडे तास तुम्हाला मिळवून देता येतील. त्यासाठी रोज एक गोळी.

"झोपेची गोळी असंन," देवाजी म्हणाला.

नीला किंचित हसली. "सगळ्यांना आधी तेच वाटतं. नाही हो. उलट, जागं ठेवणारी. उत्तेजक औषध आहे. फार जपून द्यावं लागतं. हृदयाचा त्रास असलेल्यांना तर डॉक्टर देतच नाहीत."

"आणि तुमच्या सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे," नंदिनी म्हणाली.

"बायपास झालंय. काल दुपारी मागच्या अंगणातून त्यांच्या ओरडण्याचा आवाज आला. मी गेले तर सीताफळाच्या झाडाखाली पडलेले. मागचं फाटक उघडं होतं. आता आयसीयूत आहेत. शुद्ध नाही. त्यांच्या पन्ह्याच्या बाटलीत तळाशी माझ्या गोळ्यांची भुकटी सापडली."

"पन्हं कुणी केलं होतं?"

"मीच. आदल्या संध्याकाळी. बाबांना साखर चालत नाही, म्हणून त्यांची बाटली फ्रिजमध्ये वेगळी असते. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही."

"गोळ्या कुठे ठेवता?"

"स्टीलच्या छोट्या डबीत, माझ्या उशाशी. पाकिटातून एकेक काढायची म्हटली तरी बोटं दुखतात. म्हणून औषधवाल्याकडूनच सगळ्या काढून आणते. काल सकाळी डबी उघडली तेव्हा कमी वाटल्या. पण माझं डोकं असं झालंय, वाटलं, आपलाच काही गोंधळ. आता डबी पोलिसांकडे आहे. आज गोळी नाही, म्हणून ही अवस्था."

"गोळी किती वाजता घेता?"

"दहाला. अनिश, माझे मिस्टर, नऊलाच ऑफिसला जातात. पण दहाला त्यांचा रोज न चुकता फोन येतो. 'गोळी घेतलीस का? मग आता पड निवांत,' म्हणतात." तिनं ग्लास टेबलावर ठेवला. "एवढी एक गोष्ट त्यांनी तीन वर्षांत चुकवली नाही."

"गोळीचा असर किती वेळ राहते?" देवाजीनं विचारलं.

"तीन-चार तास. तेवढाच माझा दिवस. अनिश संध्याकाळी येतात तेव्हा मी पुन्हा आडवी झालेली असते. आणि रविवारी गोळी नाही. आठवड्यातून एक दिवस सोडायला सांगितलाय."

 नंदिनीनं फोन उचलला आणि ठाण्याला लावला.

इन्स्पेक्टर वासनिक स्पष्ट बोलणारा माणूस होता. "मॅडम, सरळ केस आहे. हार्ट पेशंटला उत्तेजक औषध पाजलं. ज्याला ते औषध बरोबर समजते, त्याचंच काम. सूनबाईशिवाय कोण?"

"घरच्यांना काय सांगितलं?"

"एवढंच, का नीलाबाईच्या गोळ्या पोटात गेल्या. गोळ्या कशाच्या, ते नाही सांगितलं."

"नका सांगू. डॉक्टरांनाही सांगून ठेवा. आणि संध्याकाळी देशकरांच्या घरी या. येताना ती डबी आणा."

फोन ठेवून तिनं नीलाला बजावलं, "घरी कुणाशीही त्या गोळ्यांबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

"बोलतंय कोण माझ्याशी?" नीला म्हणाली.

नंदनवनातलं देशकरांचं घर बैठं होतं, वर एक मजला चढवलेला. पुढे व्हरांडा, मागे ऐसपैस अंगण. देवाजीनं आपली जुनी व्हॅन सावलीत लावली. नीला आत जाऊन पडली. स्वयंपाकघरात रुख्मिणी भांडी विसळत होती. या घरात ती कित्येक वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची.

"मी काई नाई केलं वं बाई," नंदिनीला पाहताच ती म्हणाली.

"तुम्हाला कोण म्हणून राहिलं? काल काय काय झालं ते सांगा फक्त."

"काय सांगू? काल तं सकाळपासूनच उलटं चालू होतं. मी आली तं बेल वाजेना. हाका मारून मारून घसा बसला. आत येऊन पाह्यते तं बटनच बंद. मंग बाबाजीच्या खोलीतला कूलर भराले गेली, तं तो काठोकाठ भरला होता. पडदे बी ओढून, उशी बी जागेवर. म्या म्हटलं, चला, आज कोनाले तरी म्हाताऱ्याची दया आली."

"कुणी केलं असेल?"

"मले काय मालूम? रोज तं मीच करतो."

"जेवण झाल्यावर?"

"पन्हं प्याले. रोज प्याले का आडवे होतेत. काल पाठच टेकेना! घाम काय, हात काय थरथरून राहिले, तोंड तं बंदच नाई. म्या म्हटलं, बाबाजी, पडा. तं म्हनते, छाती धडधड करून राहिली, मले मागं झाडाखाली जाऊ दे. मंग मी घरी गेली." तिनं पदरानं डोळे पुसले. "थांबली असती तं बरं झालं असतं."

"नीलाताई गोळी घेतात, ती कशाची?"

"ते घेतली का बाई उभी राह्यते. माह्यासंगं भाजी चिरते, बाबाजीसंगं बुद्धिबळ खेळते. नाई घेतली त्या दिवशी भिंत धरून चालते. आन् त्या मागच्या चुन्याचं कोनाले तरी इचारा! काल सकाळी अंगन झाडून गेली, आज पाह्यते तं चुन्याच्या रेघोट्या."

देवाजी मागे जाऊन बघून आला. भिंतीच्या कडेनं, सीताफळाच्या पलीकडे चुन्याच्या दोन रेघा होत्या. कोपऱ्यात एक लाकडी खुंटी.

"मुंग्यांसाठी टाकला असंन चुना," तो म्हणाला.

"मुंग्यांसाठी खुंटी कोण ठोकते काका?" नंदिनीनं विचारलं. "जरा गल्लीच्या तोंडाशी जा. काल दुपारी मागच्या बाजूला कोण आलं होतं, विचारून या. मी तोवर वर जाते. नाही, थांबा. आधी तुम्हीही चला. दोन माणसांचं बोलणं ऐकायचं आहे."

नूपुर, गिरिधररावांची मुलगी, वरच्या मजल्यावर एकटीच राहायची. ती कॉलेजात शिकवायची. दार उघडताच तिनं तोफ डागली.

"वहिनीनं बोलावलंय न तुम्हाला? मग तिच्याच बाजूनं बोलाल. बाबा तिला मुलीपेक्षा जास्त मानतात. काय मिळालं त्यांना?"

"त्या गोळ्या तुम्ही कधी पाहिल्या?"

"पाहिल्या? मागितल्या! पेपर तपासायचे होते, डोळे मिटत होते. म्हटलं, वहिनी, एक दे, रात्र निघून जाईल. नाही दिली. म्हणे, हे माझं औषध आहे, तुझ्यासाठी नाही. तेव्हापासून मी बोलत नाही तिच्याशी. बाबांना मात्र सगळं बसून समजावून सांगायची. त्या गोळीवर बाबा परीक्षा देऊ शकले असते."

"बाबांचं आणखी कुणाशी वाजलं होतं?"

"घरात? नाही. बाहेरच्यांशी रोज. दिवसभर व्हरांड्यात बसून पहारा देतात. तीन बिल्डर हाकलून लावलेत. या जागेत कुणाला पाय ठेवू देत नाहीत."

तिचा राग खरा होता, आणि रागाखाली भीतीही होती. देवाजीच्या मनात संशयाचा काटा तिच्याकडे झुकला. औषध माहीत, वहिनीवर राग. नीलाला अडकवायला एवढं पुरे.

अनिश दवाखान्यातून नुकताच आला होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मऊ बोलायचा. देवाजीला तो माणूस आवडला.

"माझा विश्वास बसत नाही," तो म्हणाला. "नीला असं करणार नाही. मुद्दाम तर नाहीच. आजारात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, तेव्हा काही झालं असेल तर सांगता येत नाही."

"काल तुम्ही दिवसभर ऑफिसात होता?"

"नऊला गेलो, फोन आला तेव्हा धावत आलो. कुणालाही विचारा."

"नीलाताईंचं आजारपण तुम्हाला फार पडत असेल."

"आता सवय झाली. लोकांना काय वाटायचं ते वाटो, मी कधी कमी पडू दिलं नाही. गोळी घेतली की कुणी तिच्या खोलीत जायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. निदान तेवढा वेळ तरी शांत पडू दे. मी रोज ऑफिसातून फोन करून खात्री करतो."

"हो, त्या म्हणाल्या," नंदिनी म्हणाली. "तीन वर्षांत एकदाही चुकला नाही."

बाहेर आल्यावर देवाजी हळूच म्हणाला, "देव माणूस हाय. दुसरा असता तं केव्हाच सोडून गेला असता. मले तं ते नूपुर पक्की वाटून राहिली."

नंदिनीनं मागे वळून दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उतरलेला का, ते देवाजीला समजेना.

गल्लीच्या तोंडावर एक पानठेला होता. देवाजीनं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला सांगितला आणि गप्पा सुरू केल्या. हे काम त्याला जमायचं. काल दुपारी एक पांढरी गाडी मागच्या फाटकाशी लागली होती. तिघं उतरले, हातात टेप, चुन्याची पिशवी. थोड्या वेळानं आतून म्हाताऱ्याचा आरडाओरडा ऐकू आला आणि तिघं पळतच गाडीत बसले. गाडीवर एका बिल्डरचं नाव होतं. तासाभरात देवाजी त्या बिल्डरच्या ऑफिसात होता, आणि आणखी तासाभरानं मोजणी करणाऱ्यातला एक घाबरलेला माणूस त्याच्यासमोर हात जोडून बोलत होता.

तो परत आला. त्यानं नंदिनीला सगळं सांगितलं.

"मले तं अजूनही खरं वाटून नाही राहिलं," तो म्हणाला.

"मला सकाळीच वाटलं होतं. फक्त ते खोटं निघावं, असं वाटून राहिलं होतं," नंदिनी म्हणाली.

संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत जमले. इन्स्पेक्टर वासनिक दाराजवळ, बाहेर व्हरांड्यात एक महिला कॉन्स्टेबल. नूपुर हाताची घडी घालून. रुख्मिणी भिंतीला टेकून. नीलाला देवाजीनं धरून आणून आरामखुर्चीत बसवलं होतं. तिची मान सारखी कलत होती, ओठ पांढरे पडले होते. अनिश तिच्यापासून दूर, खिडकीशी बसला होता.

वासनिकांनी डबी टेबलावर ठेवली.

"बराच वेळ लागेल," नंदिनी म्हणाली. "नीलाताईंना फार त्रास होऊन राहिला. अनिशजी, त्यांचं तुम्हालाच जास्त माहीत. आत्ता एक गोळी देऊ का?"

"आत्ता?" अनिश पटकन म्हणाला. "मुळीच नको. गोळी घेतली तर झोपून जाईल ती. मग तुम्ही विचारणार कुणाला?"

वासनिकांनी झटकन अनिशकडे पाहिलं.

रुख्मिणीनं तोंडावर पदर धरला. नूपुरचे हात हळूहळू सुटले. "दादा," ती म्हणाली, "काय बोललास तू?"

नीलानं मान उचलली. ती नवऱ्याकडे बघत होती, पण अजून तिला काही कळलं नव्हतं. किंवा कळत होतं, आणि ती ते आत घेत नव्हती.

"काय झालं?" अनिशनं सगळ्यांकडे पाहिलं.

"त्या झोपेच्या गोळ्या नाहीत," नंदिनी म्हणाली. "त्या जागं ठेवतात. या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. रुख्मिणीबाईंना माहीत आहे, नूपुरताईंना माहीत आहे. गिरिधररावांना तर पाठ होतं. माहीत नव्हतं ते फक्त तुम्हाला."

अनिशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

नंदिनी वासनिकांकडे वळली. "साहेब, तुम्ही म्हणाले, ज्याला औषध बरोबर समजते त्याचं हे काम. तिथंच गाडी चुकली. रुख्मिणीबाईंनी काय पाहिलं? बेल बंद. कूलर भरलेला. पडदे ओढलेले, उशी तयार. मारायला निघालेला माणूस उशी कशाला ठेवेल? ही सगळी तयारी म्हाताऱ्याला गाढ झोपवायची होती. म्हणजे पन्ह्यात गोळ्या घालणाऱ्याला त्या झोपेच्याच वाटत होत्या. मग प्रश्न एवढाच उरला, असं कुणाला वाटत होतं?"

"डबीवर नाव नाही," वासनिक पुटपुटले.

"नाही. विचारल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या देवाजीकाकांनीही सकाळी तीच चूक केली. आजारी बाई दिवसभर पडून असते, मग गोळी झोपेचीच असणार. त्यांना ती भेटून पाच मिनिटं झाली होती, त्यांचं ठीक आहे. अनिशजी नऊला जातात आणि संध्याकाळी येतात. गोळीचा असर त्या दोघांच्या मध्ये सुरू होतो आणि संपतो. रविवारी गोळी नसते. त्यांनी बायकोला तीन वर्षं फक्त आडवीच पाहिली. रोज फोन करून सांगत होते, गोळी घेतलीस, आता पड. दुपारी मलाही तेच म्हणाले, गोळी घेतली की कुणी खोलीत जायचं नाही. जिला त्या तीन तासांत जगायचं असतं, तिचं दार ते बंद करायला लावत होते."

"पण बाबांना झोपवायचं काहून?" वासनिकांनी विचारलं.

"काका, सांगा."

देवाजीनं घसा साफ केला. असं बोलायची वेळ आली की एरवी त्याला बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"जागेची मोजणी होती साहेब. बिल्डरची माणसं मागच्या फाटकानं आली. म्हातारा झोपून राहीन, निवांत मोजा, असं अनिशनंच फोनवर सांगतलं होतं. फाटकाचं कुलूप बी त्यानंच सकाळी काढून ठेवलं. माणूस बयान द्याले तयार हाय."

"गिरिधरराव झोपले नाहीत," नंदिनी म्हणाली. "झोपणं शक्यच नव्हतं. छाती धडधडायला लागली म्हणून ते अंगणात आले, आणि समोर आपल्या जागेत चुना पडताना पाहिला. आधीच बेफाम झालेल्या हृदयाला तेवढं पुरलं."

अनिश खाली बघत होता. "दोन तास," तो म्हणाला. "दोन तास झोपावेत, एवढंच हवं होतं मला. त्यांना काही करायचं नव्हतं. मोजणी झाली असती, बिल्डरनं चांगला फ्लॅट दिला असता, मी नंतर त्यांना समजावलं असतं. मला वाटलं, डोस जास्त झाला."

"आणि वहिनी?" नूपुर ओरडली. "तिला उद्या नेणार होते! मी तिला काय काय बोलले! तू ऐकत बसलास?"

"आजारी बाईला कोण काय करणार होतं? सुटली असती ती."

वासनिकांनी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. तो दारापर्यंत गेला, तेव्हा नीला बोलली. आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना थांबावं लागलं.

"अनिश. पहिल्या दिवशी मी तुला सांगितलं होतं. डॉक्टरांकडून आल्यावर. तू टीव्ही बघत होतास. हो म्हणाला होतास."

अनिशला काही आठवत नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. वासनिक त्याला घेऊन गेले.

नूपुरनं वहिनीजवळ जाऊन जमिनीवर बसकण मारली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. बाबांनी डोळे उघडले होते. बोलत नव्हते, पण हात दाबला तर दाबत होते.

"मला जायचंय," नीला म्हणाली.

"तुम्हाला झेपणार नाही. पुढचे दोन दिवस उठता येणार नाही," नंदिनी म्हणाली.

"माहीत आहे. तरी जायचंय."

नंदिनी वासनिकांच्या मागोमाग ठाण्यात गेली, नूपुर स्कूटरवर पुढे निघाली. देवाजीनं व्हॅनची मागची सीट आडवी करून दिली, उशी ठेवली, आणि नीलाला घेऊन रामदासपेठेतल्या दवाखान्याकडे निघाला. रस्त्यावर उकाडा होता. ऑफिसं सुटली होती, चौकाचौकात गर्दी. आरशात तिचा चेहरा दिसत होता. ती रडत नव्हती. छताकडे बघत होती.

धीर द्यावा, तर धीर कशाचा द्यायचा? मग देवाजीनं विचारलं,

"ताई, ते गोळी घेतल्यावर नेमकं कसं वाटते?"

त्याला वाटलं, आपण भलत्या वेळी भलतं विचारलं.

"ताकद येत नाही," मग ती म्हणाली. "लोकांना तसं वाटतं. थकवा असतोच. पण केस विंचरताना मध्येच हात खाली घ्यावा लागत नाही. पुस्तकाचं पान उलटलं की आधीचं पान आठवतं. बाबा चाल चालले की मी तीन चाली पुढचं बघू शकते. त्यांना हरवलंय मी, दोनदा."

"आन् असर गेला का?"

"गेला की..." ती थांबली. शब्द शोधत होती. देवाजीनं लाल सिग्नलला व्हॅन थांबवली. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्यानं व्हॅन डाव्या कडेला घेतली आणि हळू केली, म्हणजे तिचं बोलणं त्याला नीट ऐकू येईल.